राखून ठेवली जागा

“बोला मॅडम. मशीन ऐकून राह्यली.”

हा आवाज जयवंताच्या कानात राहायला आला, त्याला किती उन्हाळे झाले ते मोजणं तिनं सोडून दिलं होतं. समुद्रपूर तालुक्यातल्या तिच्या शाळेत दुपारची वीज गेली, डोक्यावरचा पंखा हळू होत होत थांबला, की त्या शांततेच्या पोटातून तो आवाज उगवायचा. तसाच जरासा घोगरा, हसू ओठांत अडवून धरल्यासारखा. पोरं पाट्यांनी वारा घेऊ लागायची आणि जयवंताबाई फळ्याकडे तोंड करून उभी राहायची. पंखा थांबला की बोलायचं, अशी एके काळी तिच्या जिभेला सवय लागली होती. बोलायचं होतं ते मात्र राहूनच गेलं होतं.

ती गोष्ट देवळीची. शतक सरत आलं होतं. बंडूजींच्या सरकी-ढेपेच्या दुकानावर एक लांबट खोली होती, तिथं प्रेमदासनं संगणकाचा वर्ग काढला होता. नागपूरहून शिकून आलेला, घरी लग्नाच्या बहिणी, खिशात चार पैसे नाहीत, पण डोळ्यांत उजेड मावत नव्हता. खोलीत चार संगणक. त्यातल्या एकालाच आवाज होता. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन स्पीकर, जसे नवरदेवाच्या बाजूला दोन करवले. बाहेर पाटी लावली होती, ‘मल्टिमीडियाद्वारे संगणक शिक्षण’. खाली ढेप घ्यायला आलेले शेतकरी ती पाटी वाचायचे आणि बंडूजींना विचारायचे, “हे कोणतं खत हाय जी?”

जयवंता बी.एस्सी. होऊन तिथं शिकवायला लागली होती. पोरं हुशार होती, पण पुस्तक इंग्रजी. व्हेरिएबलचा धडा आला की सगळ्या वर्गाची मान एकदम खाली जायची, वाऱ्यानं गव्हाचं पीक झुकावं तशी. प्रेमदास फळ्यावर चौकोन काढायचा, चौकोनात अक्षर लिहायचा, अक्षर पुसून आकडा लिहायचा, आणि शेवटी खडू ठेवून स्वतःच खुर्चीत बसायचा.

“आता काय करावं मॅडम? अक्षरात आकडा कसा मावते, हेच विचारून राह्यले पोट्टे.”

“सर, भुलाबाईचा डबा दाखवा न त्याइले.”

“म्हंजे?”

“तुमच्या बहिणी भुलाबाई बसवत नाई का? गाणे झाले का खाऊचा डबा वाजवतेत न, अन् सांगतेत का ओळखा, आत काय हाय. डबा तोच राह्यते. आज त्यात मुरमुरे, उद्या फुटाणे, परवा खोबरं. डब्याचं नाव बदलते का? आतलंच बदलते. तेच तर तुमचं व्हेरिएबल.”

प्रेमदास तिच्याकडे पाहतच राहिला. मग म्हणाला, “हे पुस्तकात काऊन नाई लिहिलं कोणं?”

“लिहिणाऱ्याच्या घरी भुलाबाई बसत नसन.”

त्या दिवसापासून दोघांनी मिळून धडे करायला घेतले. चित्र हलेल, आवाज येईल, बटण दाबलं की उत्तर मिळेल असे. प्रेमदासनं पडद्यावर डबा काढला. त्याचं झाकण उघडताना दाखवायला त्यानं तोच डबा पुन्हा पुन्हा काढला, दर वेळी झाकण जरासं वर. आणि आवाज जयवंताचा. भुलाबाईच्या गाण्यांत ती लहानपणापासून पुढं असायची. तिच्या गळ्याला गोडवा होता तसा ठामपणाही होता, शेवटच्या बाकावरच्या पोरालाही वाटावं की हे आपल्यालाच सांगून राह्यली.

आवाज भरायचा म्हणजे एक सोहळा असायचा. रस्त्याकडच्या खिडकीवर सतरंजी टांगायची. एसटीचा हॉर्न थांबायची वाट पाहायची. मग पंखा बंद करायचा, कारण त्या पंख्याची घरघर माइकमध्ये जात्यासारखी ऐकू यायची. मे महिन्याचं वर्ध्याकडचं ऊन आणि बंद पंखा. कपाळावरून धारा लागायच्या. प्रेमदास एक बोट बटणावर ठेवायचा, दुसऱ्या हातानं तिला वहीनं वारा घालायचा, आवाज होणार नाही इतक्या हलक्या हातानं, आणि म्हणायचा, “बोला मॅडम. मशीन ऐकून राह्यली.”

जयवंता माइकसमोर डबा वाजवायची. खाली बंडूजी ओरडायचे, “अरे, वरतं मुरमुरे भाजून राह्यले का? गिऱ्हाईक विचारते मले!” मग दोघं हसू दाबायचे, आणि दाबलेलं हसूही माइकमध्ये जायचं, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

डब्याचा धडा पोरांना कळला. तेव्हा जयवंतानं पुढचा सुचवला, उखाण्याचा. उखाणा तोच, नाव ज्याचं त्याचं. पोरानं कळफलकावर आपलं नाव टाकायचं, की संगणक त्याच्या नावाचा उखाणा म्हणणार. त्यासाठी उखाण्याच्या दोन ओळी वेगळ्या भरायच्या आणि वर्गातल्या प्रत्येकाचं नाव वेगळं भरायचं. उखाणा तिनं तिथंच बसल्या बसल्या जुळवला,

कपाशीच्या बोंडातून ओढला बाई धागा,
अमुकतमुक, या नावासाठी राखली मी जागा.

“वा!” प्रेमदास म्हणाला. “अगदी बरोब्बर बसलं. संगणकालेही आधी जागा राखून ठेवा लागते. मंग नाव येऊन बसते तिथी.”

“अन् कोणी आलंच नाई तर?”

“तर जागा रिकामी राह्यते.” तो पडद्याकडे पाहत होता, मान वर न करता म्हणाला, “पण राखलेली ते राखलेलीच राह्यते. दुसऱ्याले देत नाई.”

जयवंताच्या मनात एक दार होतं, ते त्या वाक्यानं आतून कोणी हलक्या हातानं लोटावं तसं उघडलं.

मग दुपारी बसून तिनं नावं भरली. अंकित. आचल. पियुष. मयुरी. चिंधू. चिंधू हे नाव भरताना तिला हसू आलं, ते तसंच ठेवलं, कारण चिंधूला ते आवडेल असं प्रेमदास म्हणाला. सगळी नावं झाली.

“आता एकच राह्यलं,” तो म्हणाला. “माहं. पोट्टे काही ऐकणार नाई, पहिल्याच दिवशी म्हणतीन, सरचं नाव टाका. तेवढं बोलून टाका तुम्ही. खाली ढेपेचा ठेला आलेला दिसते, पोते उतरवाचा आवाज होईन, मी बंडूजीले थांबवून येतो.” त्यानं पंखा बंद केला, बटण कसं दाबायचं ते दाखवलं, आणि जिना उतरून गेला.

खोलीत जयवंता आणि ऐकणारी मशीन.

तिनं बटण दाबलं. तोंड उघडलं. आणि नाव जिभेवर आलं, पण ओठांच्या उंबऱ्याशी अडलं.

तिच्या आईनं जन्मात कधी बापाचं नाव घेतलं नव्हतं. राशनच्या दुकानात विचारलं तर आई शेजारणीकडे बोट दाखवायची, की ती सांगेल. कुंकवाच्या धन्याचं नाव बाई घेत नाही. घेतलं तर उखाण्यातून, चार बायकांत, त्यांनी अडवल्यावर. अंकितचं नाव घेता आलं, पियुषचं घेता आलं, गावातल्या कोणाचंही आलं असतं. ह्याच नावाला जीभ उचलेना. कोणी मागणी घातली नव्हती, कोणी हळद लावली नव्हती, तरी जिभेनं आपलं आपण ठरवून टाकलं होतं. जयवंताला आपल्याच जिभेची लाज वाटली आणि त्या लाजेचा आनंदही झाला.

मशीन ऐकत राहिली. तिनं श्वास घेतला, सोडला. हात खाली आला तशी बांगडी वाजली. लांब स्टँडवर एक एसटी ओरडली. मग तिनं बटण सोडलं आणि ती शांतता तशीच, प्रेमदासच्या नावानं, जपून ठेवून दिली. मशीनचं सगळं कळतं त्याला, तिला वाटलं. हेही कळेल.

नाही कळलं.

जूनमध्ये वर्ग भरला. मांडीला मांडी लावून पोरं बसली. संगणक एकेकाचं नाव घेऊ लागला तशी खोली खदखदून हसली. चिंधू तर उठून उभाच राहिला, जणू हजेरी होती. आणि मग व्हायचं तेच झालं, “सर, तुमचं! तुमचं टाका!” प्रेमदासनं आपलं नाव टाकलं. कपाशीच्या बोंडातून धागा ओढला गेला, आणि पुढं काहीच नाही. स्पीकर मुके. मग एकदम, ‘या नावासाठी राखली मी जागा.’

“सर, मशीन लाजली!” पियुष ओरडला.

पोराला कळलं होतं. प्रेमदास मात्र स्पीकरच्या मागं वाकला होता. “वायर ढिली असन,” तो म्हणाला. “नाईतर माइकच नाई लागला त्या दिवशी.”

जयवंतानं डस्टर उचललं आणि फळा पुसायला घेतला, स्वच्छ होता तरी.

चारच दिवसांनी मामा नोकरीची ऑर्डर घेऊन आला. जिल्हा परिषदेची शाळा, समुद्रपूरकडे. घरात पेढे वाटले गेले. जयवंता सगळ्यांचा निरोप घ्यायला वर्गावर निघाली. जिन्याच्या निम्म्यात असताना वरून उखाणा ऐकू आला. तिचाच आवाज, तिचाच धागा. आणि त्यानंतर एक नवा, कोवळा, घाईघाईचा आवाज, “प्रेमदास”, आणि पुन्हा तिचीच राखलेली जागा. त्यानं मयुरीकडून ते नाव भरून घेतलं होतं. बिघाड दुरुस्त झाला होता.

जयवंता जिन्यावरच थांबली. उरलेल्या पायऱ्या तिला चढवेनात. खाली बंडूजींनी विचारलं, “काय व मास्तरीण, वापस काऊन?” तर म्हणाली, “काई नाई जी. सरले सांगजा, मी येऊन गेलती.”

मग वर्षं आली तशी गेली. स्थळं आली, तीही गेली. एकाला तिची नोकरी हवी होती, ती नको होती. दुसऱ्याला ती नाही म्हणाली, आणि आईनं कारण विचारलं तर कारण सांगता आलं नाही. तिसऱ्याची गोष्ट साखरपुड्याच्या बोलाचालीपर्यंत गेली, गावोगाव बातमीही पोचली, आणि मोडली. आई थकली, विचारायची थांबली. भादव्यात शाळेतल्या पोरींची भुलाबाई बसली की जयवंताबाईंना गाणं रचून द्यावं लागे. एका वर्षी तिनं रचलं,

वाजव सये, वाजव डबा, आत काय गं वाजे?
ओळखणारा ओळखीना, आतले ओझे माझे.

पोरी टाळ्या वाजवून ते म्हणायच्या, आणि डब्यातून निघायचे फुटाणे.

शाळेला एक संगणक मिळाला. त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर, कव्हरवर फुलांचा टेबलक्लॉथ, त्यावर मुख्याध्यापकांची पाण्याची बाटली. धूळ लागली तर बिघडेल, म्हणून कोणी हात लावायचा नाही. मग कुठूनसं पत्रक आलं की शिक्षकांना मल्टिमीडियानं संगणक कसा शिकवायचा याचं प्रशिक्षण आहे, वर्ध्याला. जयवंता आणि वडनेरच्या सुमित्राबाई एकाच बाकावर बसल्या. सुमित्राबाईंची ओळख अशाच एका प्रशिक्षणातली. बाई तोंडानं फटकळ आणि डब्यातली भाजी वाटून खाणारी.

“हे मल्टिमीडिया म्हंजे का व बाई? मले तर टीव्हीच वाटून राह्यला,” सुमित्राबाई म्हणाल्या. “शिकवणारे सर देवळीचे हायेत म्हणे. बिनलग्नाचे. आमच्या वडनेरात एक पोरगी दाखवलती त्याइले, तर म्हणे, जागा खाली नाई.”

जयवंतानं पदर सावरला. तेवढ्यात तो आत आला. कानशिलांवर पांढरं उतरलं होतं, चष्मा आला होता. चालणं तेच, काहीतरी विसरल्यासारखं आणि लगेच आठवल्यासारखं. ती शेवटच्या रांगेत, पुढच्या बाईच्या अंबाड्याआड. उठून जावं का? पाय म्हणाले जा, मन म्हणालं बस.

प्रेमदास बोलू लागला. पोरांना संगणक शिकवायचा तर त्यांच्या अंगणातून शिकवा, म्हणाला. जुना धडा दाखवतो, म्हणाला, मशिनी बदलल्या, हा बदलला नाही. पडद्यावर डबा आला. तोच, वेडावाकडा काढलेला. झाकण थरथरत उघडलं, आणि सभागृहात डब्याचा खळखळाट झाला. मागोमाग एक तरुण आवाज म्हणाला, “ओळखा बरं, आत काय हाय?”

“भुलाबाई!” बायका एकदम ओरडल्या.

जयवंतानं डोळे मिटले. आपलंच तरुणपण समोर उभं राहून आपल्याला विचारून राह्यलं, आत काय हाय.

“आता उखाण्याचा धडा,” प्रेमदास म्हणाला. “कोणी तरी या समोर. नाव टाकाचं फक्त.”

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. सुमित्राबाईंनी कोपरानं ढोसलं, “जाय न व! तुले येते टायपिंग. आमी का, एकेक अक्षर हुडकत बसू?” आणि मोठ्यानं, “सर, हे घ्या, ह्या बाई येतेत!”

जयवंता उठली. दोन रांगांमधून चालत गेली तेव्हा तिला तो जुना जिना आठवला, अर्ध्यावर सोडलेला. ती समोर येऊन उभी राहिली आणि प्रेमदासच्या हातातली वही तशीच हातात राहिली. त्याची नजर तिच्या मोकळ्या गळ्याकडे गेली, आणि जाऊ नये तिथं गेल्यासारखी खाली वळली.

“पंखे...” त्यानं वर पाहिलं. “पंखे बंद करा जरा. ऐकू नाई येत मंग.”

पंखे थांबत गेले. जयवंता खुर्चीत बसली. काय टाकावं? तिला ठाऊक होतं, ते नाव टाकलं की मयुरीचा कोवळा आवाज येणार. यायचा तर येवो. एकदा पूर्ण ऐकावा आणि जिना उतरून जावं, कायमचं. तिनं ते नाव टाकलं.

‘कपाशीच्या बोंडातून ओढला बाई धागा,’

आणि मग मयुरी आली नाही. कोणीच आलं नाही. स्पीकरमधून आला एक श्वास, आत घेतलेला आणि सोडलेला. एक बांगडी वाजली. कुठं तरी लांब, गेलेल्या शतकातली एक एसटी ओरडली.

‘या नावासाठी राखली मी जागा.’

“सर, बिघडलं जी!” मागून एक मास्तर म्हणाले. “नाव खाल्लं तिनं.”

“बिघडलं नाई,” प्रेमदास म्हणाला. तो सभागृहाशी बोलत होता, पण पाहत होता कळफलकावरच्या तिच्या हातांकडे. “मलेही तसंच वाटलं होतं. मी दुसऱ्या पोरीचा आवाज टाकला तिथी. मंग माह्या लहान बहिणीचं लग्न झालं. बायका म्हणून राह्यल्या, नाव घे, नाव घे. अन् बहीण मुकाट. मी कॅमेरा धरून उभा. तिचा श्वास ऐकला, बांगडी ऐकली, अन् मले समजलं, का हे मी आधी कुठी ऐकलं होतं.” त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “जुन्या फ्लॉपीवर मूळ आवाज होता. तो वापस आणून ठेवला. पण तवा उशीर झालता. कोणं तरी सांगितलं, ज्याइचा हा आवाज, त्याइचं लग्न ठरलं. मंग म्हटलं, निदान हे तरी आता कोणं दुरुस्त करू नये.”

सभागृहाला गोष्ट अर्धीच कळली. पण अर्धी गोष्टही बायकांना पुरते. “मशीन मुकी झाली तर तुम्ही घ्या नाव!” कोणी तरी म्हणालं. “घ्या, घ्या!” “काऊन लाजून राह्यल्या?” सुमित्राबाईंनी तर टाळीच वाजवली. आणि मग त्यांचा हात हवेतच थांबला, त्यांनी एकदा सरांकडे पाहिलं, एकदा जयवंताकडे, आणि एरवी कधीच न येणाऱ्या हळू आवाजात म्हणाल्या, “घे व बाई. किती दिवस दाबशीन?”

चार बायका होत्या. त्यांनी अडवलं होतं. पंखा बंद होता. रीतीप्रमाणं सगळं जागच्या जागी होतं.

प्रेमदासनं टेबलावरचा माइक उचलला आणि तिच्यासमोर धरला. दुसऱ्या हातातल्या वहीनं तो तिला वारा घालू लागला, आवाज होणार नाही इतक्या हलक्या हातानं, आणि त्याचं त्यालाही ते कळलं नसावं.

“बोल जयवंता,” तो म्हणाला. “मी ऐकून राह्यलो.”

तिनं श्वास घेतला. बांगडी वाजली.

“कपाशीच्या बोंडातून ओढला बाई धागा,” ती म्हणाली. आवाज वयानं जाड झालेला, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. “प्रेमदास, या नावासाठी राखली मी जागा.”